धोकटी, वस्तरा आणि अष्टपरिष्कार

भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत मोजून आठ वस्तू येतात. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरबंद, सुई, पाणी गाळण्याचे वस्त्र आणि वस्तरा. विहारातील रविवारच्या वर्गात ही यादी विचारली की मुले सात वस्तू धडाधड सांगतात आणि आठवीपाशी अडतात. अडते ते बहुधा वस्तऱ्याशी. चीवर आणि पात्र चित्रात दिसते, वस्तरा दिसत नाही. शिवाय वस्तरा म्हणजे न्हाव्याच्या दुकानातली वस्तू, तिचा धम्माशी काय संबंध, असे मुलांना वाटत असावे. आम्हालाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. त्या काळात आमच्या घरात एक नव्हे, चौतीस वस्तरे होते, तरीही!

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने 'विषय अभ्यासाचा असावा' अशी अट घातली. आम्ही बँकेत कारकुनी करणारे कला शाखेचे पदवीधर, विनयपिटकाचे पंडित नव्हे. म्हणून जी वस्तू हाताळून माहीत आहे तिच्यापासून सुरुवात करतो आणि ग्रंथापर्यंत जमेल तेवढे जातो. जुने वस्तरे, सेफ्टी रेझर आणि दाढीचे ब्रश आम्ही २००३ पासून सोळा वर्षे गोळा केले आणि २०१९ नंतर त्यांतले बहुतेक घराबाहेर काढले. गोळा करण्यात फारशी अक्कल लागली नाही. ती लागली कमी करताना.

प्रथम वस्तूंची ओळख करून देणे आवश्यक आहे, कारण आजच्या विद्यार्थ्यांनी दाढी करून फेकून द्यायचे प्लॅस्टिकचे रेझरच पाहिलेले आहेत. पूर्वी गावचा न्हावी बगलेत चामड्याची पिशवी घेऊन दारोदार जाई. तिला धोकटी म्हणत. वस्तरे, कातरी, चिमटा, फणी, पाण्याची वाटी, छोटा आरसा, धार लावायची दगडी पथरी आणि चामड्याचा पट्टा एवढे सगळे दुकान त्या एका धोकटीत मावत असे.

वस्तऱ्याची रचना साधी पण फार विचारपूर्वक केलेली आहे. पात्याची पाठ जाड असते आणि दोन्ही अंगे आतून पोकळ घासून धारेकडे पातळ करत आणलेली असतात. पथरीवर वस्तरा आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. त्यामुळे धारेचा कोन हाताने सांभाळावा लागत नाही. पाठीची जाडीच तो ठरवते. विळी किंवा कोयता पाजळताना कोन चुकतो तसा इथे चुकत नाही. पथरीवर वस्तरा धारेच्या दिशेने सरकवायचा, आणि चामड्याच्या पट्ट्यावर नेमका उलटा, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे. पट्ट्यावर तो परतवायचा तोही पाठीवरून. धारेवरून परतवला तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. आमचा पहिला पट्टा असाच गेला. पथरी धार तयार करते, पट्टा ती सरळ करतो. पथरी महिन्या-दोन महिन्यांनी लागते, पट्टा दर वेळी. हे नीट केले आणि पाते गालाशी साधारण तीस अंशांच्या कोनात धरले तर वस्तरा केस कापतो, कातडी नाही.

चांगले वस्तरे मुख्यतः दोन गावांतून येत. इंग्लंडातले शेफील्ड आणि जर्मनीतले झोलिंगेन. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची चांदणी आणि क्रूस अशी खूण असलेली चाकू-वस्तऱ्यांची पाती हिंदुस्थानात घरोघरी ओळखीची होती. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. पाच-अष्टमांश म्हणजे रोजच्या कामाचा, त्याहून रुंद तो दाट दाढीचा. ही माहिती दुकानदाराला ऐकवली की तो किंमत वाढवतो, एवढे मात्र अनुभवाने सांगतो.

सेफ्टी रेझरची गोष्ट वेगळी. अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याच्या मनात १८९५ मध्ये कल्पना आली की धार लावत बसण्यापेक्षा पातेच स्वस्त करावे आणि बोथट झाले की टाकून द्यावे. कागदासारखे पातळ पोलाद कडक कसे करायचे हे विल्यम निकरसन नावाच्या यंत्रज्ञाने सोडवले. १९०३ मध्ये पहिल्या वर्षी विकले गेले एक्कावन्न रेझर. पुढच्याच वर्षी हा आकडा नव्वद हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे पस्तीस लाख रेझर आणि तीन कोटी वीस लाख पाती घेतली. लढाईवरून परतलेल्या लाखो पुरुषांना घरच्या घरी स्वतः दाढी करायची सवय लागली, ती तिथून. आपल्याकडे टोपाज, पनामा, भारत, सेव्हन ओ'क्लॉक ही पात्यांची नावे आमच्या वडिलांच्या पिढीला पाठ होती. 'फेकून देण्याचे पाते' ही कल्पना मात्र आपल्या घरांनी मानली नाही. दाढीतून निवृत्त झालेले पाते पेन्सिलीला टोक काढी, आईच्या हाती शिवण उसवी आणि शेवटी खिडकीच्या फटीत गंजत पडे.

ब्रशाबद्दल दोन गोष्टी सांगतो. जुने ब्रश प्राण्यांच्या केसांचे असत. डुकराचे राठ केस स्वस्त, बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याचे मऊ केस महाग. डुकराच्या केसांचा ब्रश नवा असताना टोचतो, पण वापरता वापरता केसांची टोके फाटून मऊ होतात आणि सहा महिन्यांनी तो सायीसारखा फेस काढतो. कोमट पाण्यात भिजवावा, उकळत्या पाण्यात कधीही घालू नये, कारण मुळाशी असलेला चिकट भराव सुटतो. वापरानंतर झटकून मोकळ्या हवेत वाळवावा, डब्यात कोंडू नये.

दुसरी गोष्ट भयंकर आहे. पहिल्या महायुद्धात रशियातून जर्मनीमार्गे येणारे बॅजरचे केस बंद झाले. व्यापाऱ्यांनी पूर्वेकडून स्वस्त घोड्याचे केस आणून त्यांना बॅजरसारखे रंगवून ब्रश बनवले. ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यातून इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना व नागरिकांना चेहऱ्यावर आणि मानेवर काळपुळी झाली, माणसे मेली. काळपुळी म्हणजे जनावरांचा फाशी रोग. वडगावसारख्या जनावरांच्या बाजारपेठेत राहणाऱ्याला तो समजावून सांगायला नको. त्या जंतूंची बीजे वर्षानुवर्षे जिवंत राहतात. म्हणून १९३० पूर्वीचे, केसांचे मूळ ठाऊक नसलेले ब्रश तोंडाला लावू नयेत असे अभ्यासक सांगतात. आम्ही असे ब्रश काही वर्षे हौसेने वापरले. काही झाले नाही, हे नशीब.

आता संग्रहाविषयी. आठवड्याच्या बाजारात एका भंगारवाल्याच्या पोत्यावर २००३ मध्ये आम्हाला शेफील्डचा एक वस्तरा वीस रुपयांना मिळाला. नुकतीच नोकरी लागली होती. वीस रुपयांत इंग्लंड घरी आल्याचा आनंद झाला! मग कोल्हापूर, सांगली, मिरज, पुण्याचा जुना बाजार, जिथे जाऊ तिथे नजर फक्त लोखंडाच्या ढिगावर. बँकेत डेड स्टॉक रजिस्टर ठेवतात तसे आम्ही घरी एक रजिस्टर घातले. अनुक्रमांक, वस्तू, कोठून घेतली, किंमत, शेरा. २०१९ च्या जूनमध्ये त्यात वस्तरे ३४, सेफ्टी रेझर २१, ब्रश १९, एकूण ७४ नोंदी होत्या. आमच्या सौ. म्हणत, "हनुवटी एक आणि वस्तरे चौतीस! रावणाला तरी पुरून उरतील." आम्ही हसून सोडून देत असू.

त्यात एक हिशेब आम्ही कधी मांडला नव्हता. जुने वस्तरे साध्या पोलादाचे असतात, स्टेनलेसचे नव्हे. कोल्हापूरकडच्या पावसाळ्यात त्यांना दर महिन्याला पुसून तेलाचा हात द्यावा लागतो. एका वस्तऱ्याला पाच मिनिटे धरली तरी चौतिसांना जवळजवळ तीन तास. पहिली काही वर्षे आम्ही ते केले. पुढे कपाटात बुरशीचा वास येऊ लागला तरी 'पुढच्या रविवारी' म्हणत राहिलो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात महापूर आला. शिरोळ तालुक्यातील आमचे एक चुलत चुलते घर पाण्यात गेल्यामुळे कुटुंबासह आमच्याकडे आले. वय ऐंशीच्या घरात. सोबत दोन बोचकी. त्यांचे कपडे ठेवायला कपाट मोकळे करायचे म्हणून संग्रहाच्या पेट्या बाहेर काढल्या. तिसऱ्या दिवशी काकांनी गालावरून हात फिरवत विचारले, "दाढीला काय हाय का रं घरात?"

चौतीस वस्तरे घरात होते. एकही दाढी करण्याच्या स्थितीत नव्हता! सेफ्टी रेझर एकवीस होते, पण पाते एक नव्हते. आम्ही स्वतः तेव्हा दुकानातला प्लॅस्टिकचा रेझर वापरत होतो. शेवटी मुलाला पावसात पिटाळून पाती आणवली. तोवर काका पेट्यांतल्या वस्तू उचलून पाहत बसले होते. तळाशी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात शिंगाच्या मुठीचा, गंजून तांबडा झालेला वस्तरा निघाला. काकांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"ह्यो तात्याचा न्हवं? लई डोकी केल्यात ह्येनं. माझंबी."

तात्या म्हणजे आमचे आजोबा. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्यानंतर वर्षभरात आजोबा तिच्यात भरती झाले आणि लढाई संपल्यावर गावी परतले. येताना हा वस्तरा घेऊन आले, एवढे आम्हाला वडिलांकडून माहीत होते. रजिस्टरात त्याची नोंद नव्हती. विकत घेतलेला नव्हता, म्हणून किंमतीचा रकाना भरता आला नसता, म्हणून नोंदच केली नाही. कारकुनाची बुद्धी ती! पुढचे काकांनी सांगितले ते आम्ही प्रथमच ऐकले. त्या काळी गावचा न्हावी आपल्या वाड्याच्या लोकांना हात लावत नसे. बायका घरच्या कात्रीने पोरांचे केस कापत. आजोबा पलटणीत वस्तरा चालवायला शिकून आले होते. दर रविवारी वाड्यातल्या लिंबाखाली पोत्यावर बसून ते सगळ्यांची डोकी आणि दाढ्या करत. कुणाकडून पैसा घेत नसत. रांग लागे. लहान पोरांनी डोके हलवले की टपली बसे.

हे आपल्या एका वाड्याचेच दुःख नव्हते. बाबासाहेबांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत लिहून ठेवले आहे की साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, पैसे देण्याची ऐपतही होती, पण अस्पृश्याची हजामत करायला एकही तयार नसल्यामुळे घरातील भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण कापत असे. ज्यांनी पुढे या देशाच्या राज्यघटनेचा मसुदा घडवला, त्यांच्या डोक्यावर लहानपणी बहिणीची कात्री चालली ती या कारणाने. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने दुकानात किंवा सेवेत असा भेदभाव करणे हा गुन्हा ठरवला. त्याआधी घरात स्वतःचा वस्तरा असणे ही आपल्या माणसांची हौस नव्हती, गरज होती.

येथे नाभिक समाजाला दोष देऊन मोकळे होणे आम्हाला पटत नाही. बलुतेदार गावाच्या धान्यावर जगे. गावाची रीत मोडली तर त्याचेच बलुते बंद होई. त्याच समाजातील लोकांनी १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरवून विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असे ठरवले होते. ज्या हातात वस्तरा आहे त्या हातालाही 'नाही' म्हणता येते, आणि योग्य जागी म्हटले गेले, याची ही नोंद महाराष्ट्राच्या इतिहासात आहे.

काका महिनाभर राहून परत गेले. डबा आमच्या टेबलावरच राहिला. इतरांच्या आजोबांचे वस्तरे आम्ही पुसत बसलो होतो आणि आमच्या आजोबांचा गंजत होता, हे उघड झाले होते. तेव्हा अष्टपरिष्कारांतला तो आठवा शब्द आठवला आणि विनयपिटकात वस्तऱ्याविषयी काय आहे ते शोधू लागलो.

चुल्लवग्गात प्रसंग आहे. भिक्खूंचे केस फार वाढलेले होते. भगवंतांनी विचारले, भिक्खू एकमेकांचे केस काढू शकतात का? शकतात, असे उत्तर आले. तेव्हा वस्तरा, वस्तऱ्याची पथरी, त्याचे म्यान आणि लोकरीचा नमदा असे क्षौराचे साहित्य ठेवण्यास त्यांनी अनुमती दिली. केस दोन महिने किंवा दोन अंगुळे, यापेक्षा वाढू द्यायचे नाहीत असाही नियम केला. हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर लिंबाखालचे पोते आले. आधी 'एकमेकांचे काढता येतात का' हा प्रश्न, मग वस्तऱ्याची परवानगी. हा क्रम विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा. तिथेच सुया गंजतात म्हणून सुईला नळी ठेवण्याची परवानगी आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीही गंजाची काळजी होतीच.

महावग्गात एक उलट प्रसंग आहे. आतुमा गावात पूर्वाश्रमीचा न्हावी असलेला एक वृद्ध भिक्खू होता. भगवान संघासह येणार असे कळल्यावर त्याने आपल्या दोन मुलांना वस्तऱ्याचे साहित्य देऊन घरोघर पाठवले आणि मीठ, तेल, तांदूळ गोळा करवले. मुले इतकी गोड आणि हुशार, की ज्यांना हजामत करायची नव्हती त्यांनीही करून घेतली आणि भरपूर दिले. भगवंतांनी चौकशी केली आणि पूर्वी न्हावी असलेल्या भिक्खूने क्षौराचे साहित्य बाळगू नये असा नियम घातला. वस्तू तीच. एकाला परवानगी, दुसऱ्याला मनाई. फरक ती कशासाठी हातात आहे याचा.

आणि उपालींना कसे विसरावे? उपाली हे शाक्यांचे न्हावी. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी शाक्यपुत्र प्रव्रज्येसाठी निघाले तेव्हा वाटेत त्यांनी अंगावरचे दागिने उतरवून बोचक्यात बांधले आणि तुला जन्मभर पुरेल म्हणून उपालींना देऊन परत पाठवले. उपालींनी थोडे अंतर गेल्यावर ते बोचके सोडून झाडाला टांगले, जो पाहील त्याला दिले असे म्हटले आणि मागे फिरले. शाक्यांनी भगवंतांना विनंती केली की याला आमच्या आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला याला वंदन करावे लागेल आणि आमचा अभिमान जिरेल. तसेच झाले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे प्रश्न ज्यांना विचारले गेले ते हेच उपाली. आपण आज जो विनय वाचतो त्याचे प्रमाण एका न्हाव्याच्या स्मरणावर उभे आहे!

हे वाचून झाल्यावर आम्ही रजिस्टर उघडले. बँकेत जुनी वस्तू हिशेबातून काढायची तर तिला निर्लेखन म्हणतात आणि प्रत्येक वस्तूसमोर कारण लिहावे लागते. आम्ही तीच पद्धत धरली. आधी सगळे वस्तरे उजेडात तपासले. गंजाचा डाग पाठीवर असेल तर बिघडत नाही, धारेपर्यंत खड्डे पोचले असतील तर पथरी काही करू शकत नाही. असे बरेच निघाले. ते भंगारात गेले. त्यात आमचा वीस रुपयांचा पहिला वस्तराही होता. तो हातातून सोडायला आठवडा लागला.

चांगले एकोणीस उरले. ते गावातल्या न्हाव्यांना द्यावेत असे वाटले, पण त्यांना आता त्यांचा उपयोग नाही. भारतात १९८६ मध्ये एड्सचे पहिले रुग्ण सापडले. त्यानंतर रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयी जागृती वाढत गेली आणि दुकानांत अर्धे पाते घालून टाकून देण्याचे वस्तरे आले. ते योग्यच झाले. बाजारपेठेतील आमच्या एका नाभिक मित्रांनी पाच वस्तरे आठवण म्हणून घेतले आणि दुकानात काचेच्या चौकटीत लावले. उरलेले चौदा पुण्याच्या एका संग्राहकाला विकले. त्यात झोलिंगेनचा एक होता, पाते इतके पातळ की नखाने छेडले तर गुंजत असे. तो विकायला नको होता असे आम्हाला आजही वाटते. सगळेच निर्णय बरोबर आले असे नाही.

सेफ्टी रेझरांपैकी सात हलक्या मिश्रधातूचे, चिरलेले. ते टाकले. बारा पितळेवर मुलामा दिलेले, दणकट होते. विकलेल्या वस्तऱ्यांच्या पैशांतून पात्यांची पाकिटे आणि साबण घेतले, ते बारा रेझर पाण्यात उकळून स्वच्छ केले आणि श्रामणेर शिबिरासाठी दिले. ज्याचा रेझर त्याचाच, पाते नवे, हा नियम पाळावा लागतो. तो आम्ही डब्याच्या झाकणावर लिहून चिकटवला.

ब्रशांच्या बाबतीत आनंदांची गोष्ट उपयोगी पडली. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दिली. राजा रागावून विचारायला आला, एवढ्या वस्त्रांचे करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली त्यांना देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे? गादीचे अभ्रे. मग जमिनीवरच्या आंथऱ्या, मग पायपुसणी, मग झाडण्याची फडकी, आणि शेवटी ती कुटून चिखलात मिसळून जमीन लिंपू. राजाने संतुष्ट होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली. आमचे नायलॉनचे आठ ब्रश असेच कामाला लागले. दोन शिलाई यंत्रापाशी, एक विहारातल्या हार्मोनियमच्या पट्ट्यांची धूळ काढायला, बाकीचे ग्रंथालयात पुस्तकांसाठी. प्राण्यांच्या केसांचे जुने नऊ मात्र कोणाला दिले नाहीत. ते नष्ट केले.

कोणी विचारील की मग संग्रह करणेच चूक का? तसे आम्ही म्हणत नाही. पुण्याला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर पाहावे. दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६-१९९०) दिवे, अडकित्ते, वज्री, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने तो ठेवा लोकांच्या स्वाधीन केला. तिथे वस्तू पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आहे, तिची माहिती तिच्याशेजारी आहे. आमच्या पेटीत दोन्ही नव्हते. आमचा तो साठा होता, संग्रह नव्हे.

विनयात भिक्खूला जादा पात्र दहा दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही, आणि पात्राला पाचपेक्षा कमी ठिगळे असताना नवे मागता येत नाही. आम्ही उपासक, संसारी माणसे. आम्हाला हे नियम लागू नाहीत. पण दुसरे पात्र घेण्याआधी पहिल्याची ठिगळे मोजायची ही रीत वस्तरेच काय, बूट, मोबाईल, साड्या, कशालाही लावून पाहता येते. घरात लावून पाहिली तेव्हा सौ.नी आमच्या पुस्तकांकडे बोट दाखवले. तो विषय तूर्त पुढे ढकलला आहे.

राहता राहिला आजोबांचा वस्तरा. गंज खोल होता, पण धारेच्या अलीकडे थांबलेला. आमच्याच्याने ते काम होण्यासारखे नव्हते, म्हणून नाभिक मित्रांकडे नेला आणि तो कुणाचा, कशासाठी वापरला जाई ते सगळे सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुकान बंद झाल्यावर तीन संध्याकाळी ते वडिलांच्या पथरीवर तो घेऊन बसले. पाण्याचा थेंब, हलका हात, मधूनच अंगठ्याच्या नखावर धार टेकवून पाहणे. दगडावर पात्याचा आवाज पहिल्या दिवशी खरखरीत होता, तिसऱ्या दिवशी ऐकूच येईना. त्यांचे पूर्वज आमच्या आजोबांच्या गावी धोकटी घेऊन जात होते की काय, हे आम्ही विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. मजुरी विचारली तेव्हा म्हणाले, "तुमच्या आजोबांनी कुठं घेतली होती?"

पुढच्या उन्हाळ्याच्या सुटीत धाकटा मुलगा श्रामणेर शिबिराला बसला. त्याचे डोके याच मित्रांनी याच वस्तऱ्याने केले. शिरोळचे काका मुद्दाम आले होते. मुलाने मान हलवली तेव्हा टपली त्यांनीच मारली.

आज रजिस्टरात सहा नोंदी आहेत. दोन वस्तरे, दोन सेफ्टी रेझर, दोन ब्रश. पथरी आणि पट्टा वेगळे. पावसाळ्यात तेल द्यायला दहा मिनिटे लागतात. अनुक्रमांक एकसमोर आजोबांचा वस्तरा आहे, किंमतीचा रकाना कोरा, आणि शेऱ्यात 'वापरात' असे लिहिले आहे. शेफील्डचा दुसरा वस्तरा आणि पट्टा ज्या विद्यार्थ्यांना पाहायचा, हाताळायचा किंवा पाजळायला शिकायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी वर्ग सुटल्यावर थांबावे. येताना जुना पट्टा असल्यास आणावा, कारण पहिला पट्टा कापला जातोच.